मोठ्या स्वयंपाकघरातील पादत्राणे : निवड व निगा

मध्यप्रदेशातील देवास जिल्ह्यात इंदूर–बैतूल मार्गावर कन्नौद हे तहसिलीचे गाव आहे. पूर्वी हा मुलूख होळकरांच्या इंदूर संस्थानात मोडत असे. रस्त्यालगतचे ढाबे, कचोरी-जिलबीची दुकाने, लग्नसराईत दाल-बाफल्याच्या पंगतींसाठी पेटणाऱ्या भट्ट्या आणि गावोगावच्या शाळांतील मध्यान्ह भोजनाची स्वयंपाकघरे असे या भागातील मोठ्या स्वयंपाकाचे चित्र आहे. पदार्थांची नावे बदलली तर महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याचे चित्र याहून वेगळे नाही. या सर्व ठिकाणी आचारी, मदतनीस व वाढपी तासन्‌तास उभे राहून काम करतात. आणि त्यांतील पुष्कळजण अनवाणी असतात किंवा त्यांच्या पायांत झिजलेली रबरी स्लीपर असते.

शाळांतील भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर मुलांना धान्याऐवजी शिजविलेले अन्न देण्याची पद्धत देशभर रूढ झाली. २०२१ पासून ही योजना ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते. केंद्राच्या निकषानुसार २५ विद्यार्थ्यांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि त्यापुढील प्रत्येक १०० विद्यार्थ्यांमागे आणखी एक स्वयंपाकी-मदतनीस असतो. म्हणजेच शंभर मुलांचा भात व वरण दोन व्यक्ती शिजवितात, उतरवितात आणि वाहून नेतात. हे काम बहुतांशी महिला करतात. त्यांच्या पायांचा विचार हा या योजनेच्या सुरळीतपणाचाच एक भाग होय.

धोके कोणते?

पहिला धोका भाजण्याचा. उकळते पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर तळणीचे तेल १८० अंशांच्या घरात पोहोचते. वरण किंवा पेज दाट असल्याने त्वचेला चिकटून राहते व अधिक खोल भाजते. दुसरा धोका घसरण्याचा. गुळगुळीत फरशीवर पाणी, तेल वा भाताची पेज सांडली की पाऊल निसटते, आणि हातात गरम पातेले असेल तर दोन्ही धोके एकत्र येतात. तिसरा धोका हळूहळू जाणवणारा आहे : कठीण फरशीवर सतत उभे राहिल्याने टाचा, गुडघे व कंबर दुखू लागतात. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. अशांना झालेली जखम वेळीच कळत नाही.

सोवळे आणि स्वच्छता

स्वयंपाकघरात पादत्राण घालू नये, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. त्यामागे बाहेरची घाण आत येऊ नये हा विचार आहे, तसेच चामड्याविषयीचा विधिनिषेधही आहे. परंतु लाकडी खडावा सोवळ्यातही चालत असत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाय झाकण्यास परंपरेचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो अस्वच्छतेला व चामड्याला. धुता येईल असा रबरी वा तत्सम जोडा केवळ स्वयंपाकघरासाठी वेगळा ठेवला आणि तो कधीही बाहेर नेला नाही, तर सुरक्षितता व शुचिता या दोहोंचा मेळ बसतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांतही अन्न हाताळणाऱ्यांना स्वच्छ कपडे व शिरस्त्राण यांबरोबरच योग्य पादत्राणे पुरविण्याची जबाबदारी व्यवसायचालकावर टाकलेली आहे.

निवड कशी करावी?

जोडा पुढून व वरून बंद असावा. टाचेला आधार असावा, म्हणजे चालताना पाय निसटत नाही. नाड्यांपेक्षा सहज घालता-काढता येणारा जोडा बरा; कारण आत गरम पदार्थ शिरल्यास तो क्षणात काढता आला पाहिजे. रुंद तोंडाच्या गमबुटात उकळते पाणी साचून राहते, हे ध्यानात ठेवावे.

तळ खाचदार असावा व खाचा कडेपर्यंत मोकळ्या असाव्यात, म्हणजे पाणी बाहेर निघून जाते. नायट्राइल रबराचा तळ तेल व उष्णता चांगली सोसतो. साधे नैसर्गिक रबर तेलाने फुगते. फोमसारख्या हलक्या ईव्हीएचा तळ पायाला मऊ लागतो; पण तो लवकर दबतो. गुळगुळीत तळाची चामडी चप्पल, मग ती कितीही टिकाऊ असो, ओल्या फरशीसाठी योग्य नव्हे. कामकाजाच्या पादत्राणांसाठी आय.एस. १५२९८ हे भारतीय मानक आहे. खरेदी करताना त्याचा उल्लेख पाहावा.

माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या कामाने पाय किंचित सुजतात. दोन्ही पायांत जोडा घालून उभे राहावे. पुढे सुमारे अर्धा इंच जागा मोकळी असावी आणि चवडा आवळला जाऊ नये. टाच एक इंचाहून उंच नसावी. मोजे सुती असावेत. नायलॉनचे मोजे उष्णतेने वितळून त्वचेला चिकटतात.

निगा

काम संपताच जोडा साबणाने घासून धुवावा. मात्र भांड्यांच्या मोरीत नव्हे. तो सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. चुलीजवळ वाळविल्यास तळाचा चिकटविलेला जोड सुटतो. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. खाचा झिजून तळ सपाट झाला की जोडा वरून धडका दिसला तरी तो बदलावा.

जोडा चांगला असला तरी फरशीची काळजी सुटत नाही. सांडलेले तत्काळ पुसावे. उकळते पातेले एकट्याने उचलू नये. देवस्थानांच्या भटारखान्यात प्रथेमुळे अनवाणी काम करावे लागते, तेथे खरबरीत व कोरडी फरशी अधिकच आवश्यक ठरते. पाय भाजल्यास जोडा व मोजा लगेच काढून भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. हळद, शाई वा दंतमंजन लावू नये. भाजणे मोठे असल्यास विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे.

शाळांतून भांड्यांची नोंदवही ठेवली जाते. पातेली, झारे, पळ्या यांची मोजदाद वेळोवेळी होते. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनी त्या यादीत प्रत्येक स्वयंपाकी-मदतनिसासाठी एका जोडाची भर घालावी आणि ग्रामपंचायतीने त्यास साहाय्य करावे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या महिलेने हा खर्च पदरमोड करून करावा, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. पातेले फुटले तर दुसरे आणता येते. भाजलेल्या पायाने चुलीपुढे उभे राहणे मात्र कोणालाही शक्य नसते, आणि त्या दिवशी मुलांचे जेवणही अडते.