करवतीच्या दाताचा कोपरा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाचे कापड विणणाऱ्या विणकरांचे गाव. विदर्भातील कोशाच्या साडीचा 'करवती काठ' प्रसिद्ध आहे. काठाच्या कडेने लहान लहान त्रिकोण ओळीने विणलेले असतात. ते करवतीच्या दातांसारखे दिसतात म्हणून हे नाव. मुलांना करवतीचे चित्र काढायला सांगितले तर तीही असेच त्रिकोण काढतील. पण वादळात रस्त्यावर आडवी झालेली झाडे हटवण्यासाठी आज जी यंत्राची साखळी-करवत, म्हणजे चेनसॉ, वापरतात तिच्या साखळीवर असा एकही त्रिकोण नसतो. तिचा दात वेगळा का, त्याला धार लावण्याच्या दोन पद्धती कोणत्या, आणि त्यांतील अवघड पद्धतीसाठी साध्या ग्राइंडरमध्ये काय बदल करावे लागतात, हे आपण पाहू. शाळेत शिकवलेली प्रतले, रेषा आणि समरूप त्रिकोण या ठिकाणी फार उपयोगी पडतात.

तंतूंची जुडी

बांबू उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो, आडवा तोडायला मात्र कष्ट पडतात. याचे कारण लाकूड ही लांब तंतूंची घट्ट बांधलेली जुडी आहे. तंतू एकमेकांपासून सुटे करणे सोपे, तोडणे अवघड. खोड आडवे कापणाऱ्या दाताला दोन कामे करावी लागतात : आधी कापाच्या दोन्ही कडांना तंतू तोडायचे, मग मधला तुटलेला भाग तळातून उचलून बाहेर काढायचा. पहिले काम सुरीचे, दुसरे रंध्याचे.

सुरुवातीच्या साखळी-करवतींचे दात लाकूड नुसते खरवडत असत. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने कुरतडत, तंतूंची पर्वा न करता सरळ पुढे जात होती. कॉक्सने तशाच वाकड्या पात्याचा दात बनवला आणि साखळीवर एक डावा, एक उजवा असे दात बसवले. आजच्या बहुतेक साखळ्या याच कल्पनेवर चालतात.

हा दात उलट्या 'एल' आकाराचा असतो. सोयीसाठी त्याच्या आडव्या भागाला 'छप्पर' आणि उभ्या भागाला 'भिंत' म्हणू. भिंतीची धार तंतू तोडते, छपराची धार ढलपी उचलते. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा लाकडाला सर्वांत आधी भिडतो. दाताच्या पुढे एक ठेंगणा उंचवटा असतो. तो छपरापेक्षा सुमारे ०.६ मि.मी. खाली असतो आणि एका वेळी किती जाड ढलपी निघावी हे ठरवतो.

दाताच्या बाहेरच्या बाजूवर क्रोमियमचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. धार नेहमी आतून लावतात, त्यामुळे आतले पोलाद झिजते आणि कठीण थराची कड पुढे राहते. खारीच्या आणि उंदराच्या पुढच्या दातांतही हीच युक्ती आहे. त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल असते, मागचा भाग मऊ असतो. कुरतडताना मऊ भाग आधी झिजतो आणि धार आपोआप टिकते.

गोल आणि चौकोनी

साखळीला धार लावण्याची रूढ पद्धत गोल कानशीची. दाताच्या मापानुसार ४ ते ५.५ मि.मी. व्यासाची कानस आतून फिरवली की छप्पर आणि भिंत या दोन्हींची धार एकाच वेळी निघते. पण दोन्ही धारा एकाच दंडगोलाने कोरलेल्या असल्याने भिंतीची धार सरळ न राहता आत वळलेली असते.

दुसऱ्या पद्धतीत दात आतून दोन सपाट प्रतलांनी घासतात. एक छपराच्या खाली, दुसरे भिंतीच्या आत. दोन्ही धारा सरळ निघतात आणि कोपरा पटाशीच्या टोकासारखा नेमका होतो. ही 'चौकोनी' धार स्वच्छ लाकडात अधिक वेगाने आणि कमी जोराने कापते. अमेरिकेच्या वायव्य भागातील सूचिपर्णी जंगलांत मोठी झाडे तोडणारे कामगार ती पसंत करतात.

मग सगळेच ती का वापरत नाहीत? उत्तर भूमितीत आहे. दोन प्रतले एकमेकांना एका रेषेत छेदतात. दाताच्या आत घासलेल्या दोन प्रतलांची अशी एक छेदरेषा असते. दाताच्या बाहेरच्या अंगाला छप्पर आणि भिंत यांची मिळून दुसरी रेषा असते. चौकोनी धार तेव्हाच साधते, जेव्हा या दोन रेषा एका बिंदूत, बरोबर कोपऱ्यावर मिळतात. अवकाशातील दोन रेषा मात्र सहसा मिळत नाहीत, एकमेकींना चुकवून जातात. खराट्याच्या दोन काड्या हवेत कशाही धरून पाहा. घासण्याची रेषा किंचित वर-खाली गेली तर धारा एकमेकींना सरळ न मिळता कोपऱ्यापाशी चोच किंवा बोथट खाच तयार होते. शिवाय दाताचे छप्पर मागे उतरते असते. प्रत्येक वेळी धार लावली की दात थोडा आखूड आणि थोडा बुटका होतो, म्हणजे कोपरा जागा बदलतो. गोल पद्धत अशी चूक पोटात घालते, चौकोनी पद्धत घालत नाही.

ग्राइंडरमधील बदल

साखळीला धार लावणाऱ्या नेहमीच्या ग्राइंडरमध्ये सुमारे १४५ मि.मी. व्यासाचे पातळ चाक असते. ते तिरपे करता येते आणि वरून दातावर उतरवता येते. चाकाची कड गोल असते. चौकोनी धारेसाठी चार गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली, चाकाची कड. हिऱ्याचा तुकडा बसवलेली दांडी हातात न धरता ठरलेल्या कोनात सरकणाऱ्या आधारावर बसवावी आणि तिने चाकाच्या दोन्ही बाजू अशा छिलाव्यात की मध्ये नेमकी कड उरेल. १४५ मि.मी.चे चाक ५ मि.मी. लांबीत जेमतेम ०.०४ मि.मी. वळते, म्हणून दातापुरती ही कड सरळच समजता येते. मात्र कड चाकातील कणांपेक्षा बारीक होऊ शकत नाही. ६० नंबरच्या चाकाचे कण सुमारे पाव मिलिमीटरचे, तर १०० नंबरचे त्याच्या साधारण निम्मे असतात. बारीक कणांचे चाक त्यासाठीच हवे.

दुसरी, ढिलेपणा. समजा, चाक ज्या खिळीवर वर-खाली होते तिची पकड २० मि.मी. लांब आहे, तिथे ०.१ मि.मी. मोकळीक आहे आणि चाक खिळीपासून २०० मि.मी. अंतरावर आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने चाकाची कड १ मि.मी. हलू शकेल. दातच काही मिलिमीटरचा असताना ही हालचाल सगळे बिघडवते. भोक नीट करून त्यात घट्ट बूश बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे.

तिसरी, शिकंजा. साखळी धरणारा शिकंजा आडवा फिरण्याबरोबर खाली-वरही कलता हवा, आणि डाव्या दातासाठीचा कल उजव्याच्या आरशातील प्रतिमेसारखा हवा. दोन्ही बाजूंचे दात सारखे नसतील तर करवत एका अंगाला ओढते आणि काप वाकडा जातो.

चौथी, बारीक आट्यांचा स्क्रू. १ मि.मी. अंतराच्या आट्यांचा स्क्रू दहाव्या भागाएवढा फिरवला की चाक ०.१ मि.मी. सरकते. जागा बदलणारा कोपरा गाठायचा तो याच स्क्रूने.

उष्णता हा आणखी एक शत्रू. चाक मिनिटाला २८०० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला सुमारे २१ मीटर धावते. दाब जास्त झाला की पोलाद तापते. साध्या पोलादावर २२० ते २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा रंग चढतो. धारेवर निळा रंग दिसला की तेथील कठीणपणा गेला असे समजावे. म्हणून हलक्या हाताने, थांबत थांबत घासावे. चाकावर छापलेल्या कमाल फेऱ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. विद्यार्थ्यांच्या हाती हे यंत्र देऊ नये.

कुठे उपयोगी, कुठे नाही

नाजूक कोपरा लवकर मोडतो. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती कोणत्याही धारेला खाते. जमिनीवरून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती आणि वाळू भरलेली असते. अशा कामाला गोल धारच बरी. धारेची निवड लाकूड पाहून करायची असते, यंत्राची हौस पाहून नव्हे. पण बूश घट्ट करणे आणि डावे-उजवे दात सारखे ठेवणे गोल धारेलाही तितकेच लागू आहे.

बोथट साखळी ढलपी काढत नाही, पीठ काढते. मग कामगार जोर लावतो, हातांना कंपने जास्त वेळ सोसावी लागतात, आणि अवघडलेली करवत उसळण्याचा धोका असतो. पुढचा उंचवटा प्रमाणाबाहेर घासला तरी दात लाकडात रुततो आणि करवत झटका देते. दाताच्या कोपऱ्यातील दशांश मिलिमीटरवर कुणाची तरी बोटे अवलंबून असतात.

वर्गात हे दाखवायला साबणाच्या दोन वड्या पुरतात. एका वडीचा कोपरा खालून चमच्याने कोरा, दुसरीचा सुरीच्या दोन सपाट कापांनी. दुसऱ्या वडीत ते दोन काप बरोबर कोपऱ्यावर मिळवायला विद्यार्थ्यांना सांगा. कितव्या प्रयत्नात जमते ते मोजा, आणि सुरीला पट्टीचा आधार दिल्यावर पुन्हा मोजा. ग्राइंडरला आधार, बूश आणि स्क्रू का हवेत, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.