दंडात शिरणारी सुई आणि चार ऊती

हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात, आयटी कंपन्यांच्या शेजारी, आंतरराष्ट्रीय बायोटेक पार्क आहे. तिथल्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने कोविडवर दोन एमआरएनए लसी तयार केल्या. ‘जेमकोव्हॅक-१९’ला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती दंडाच्या स्नायूत टोचायची. वर्षभराने आलेली, ओमायक्रॉनवरची ‘जेमकोव्हॅक-ओएम’ मात्र कातडीतच द्यायची, तीही सुईशिवाय, द्रवाच्या दाबाने. दोन्ही लसींचं तंत्र एकच. मग मुक्कामाची जागा वेगळी का? उत्तर ऊतींत आहे.

आपलं शरीर चार प्रकारच्या ऊतींचं बनलेलं असतं, हे शाळेत पाठ केलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलंही. इंचभर सुई त्या चारही ऊतींना गाठते.

आधी लागते अभिस्तर ऊती. कातडीचा सगळ्यात वरचा, जेमतेम कागदाएवढा जाड थर. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशी, थरावर थर, आणि मध्ये एकही रक्तवाहिनी नाही. म्हणूनच नुसतं खरचटलं तर रक्त येत नाही. हीच ऊती तोंडापासून आतड्यापर्यंत अस्तर होऊन पसरलेली असते.

त्याखाली संयोजी ऊती, आणि माझ्या मते चौघींत सर्वांत नवलाची हीच. इथे पेशी विरळ, त्यांच्या भोवतालचा पसारा मोठा. कातडीच्या आतल्या थरात तो कोलॅजनच्या धाग्यांचा असतो, हाडात कॅल्शियमच्या क्षारांनी टणक होतो आणि रक्तात चक्क पातळ असतो. होय, रक्त आणि हाड एकाच कुळातले; कातडीखालची चरबीही त्यातलीच. डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहा. लहानपणी ती लस कातडीतच दिली होती आणि तिथली जखम भरताना कोलॅजन दाटून बसलं, ते आजही दिसतं. कातडीच्या या भागात जंतूंची खबर लसिकाग्रंथींपर्यंत नेणाऱ्या डेंड्रायटिक पेशी भरपूर असतात. ओमायक्रॉनच्या लसीला इथेच थांबवलं ते त्यांच्यासाठी.

सुई आणखी खोल गेली की स्नायू ऊती. दंडातला एकेक स्नायुतंतू म्हणजे केसासारखी बारीक, लांबच लांब पेशी, आणि तिच्यात अनेक केंद्रकं. रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लस लवकर पसरते. या तंतूंत एमआरएनए शिरतो आणि त्याबरहुकूम विषाणूचं प्रथिन तयार होऊ लागतं. हृदयाचे आणि आतड्याचे स्नायू वेगळ्या घडणीचे, आपल्या इच्छेबाहेर चालणारे.

पण दंडातला हा स्नायूही निव्वळ स्नायू ऊतीचा नाही. तंतूंना बांधणारी आवरणं संयोजी ऊतीची, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर अभिस्तर ऊतीचं. पुस्तकात चार चौकटींत मांडलेल्या ऊती शरीरात अशा एकमेकींत गुंफलेल्या असतात. फ्रान्सच्या झाव्हिए बिशाने १८०१ साली, सूक्ष्मदर्शक हाती न धरता, त्यांचे २१ प्रकार सांगितले होते. पुढे पेशी पाहता आल्या आणि ते चारांत बसले.

राहिली चेता ऊती, पण सुईची ओळख सगळ्यात आधी तिलाच पटलेली असते. वेदना टिपणारी चेतातंतूंची उघडी टोकं कातडीच्या वरच्या थरापर्यंत आलेली असतात. टोचल्याची कळ जिच्यातून जाते, त्या पेशीचं एक टोक दंडात असतं, तर केंद्रक असलेला भाग थेट मानेत, मणक्यांच्या बाजूला.