आमच्या सर्जाचा फोटो

मामाने मला त्याचा जुना कॅमेरा दिला. फोटो कसा निघतो ते सांगतो. कॅमेऱ्याच्या आत पडदा असतो. बटण दाबले की पडदा उघडतो, उजेड आत जातो आणि पडदा मिटतो. चकती फिरवली की आकडे बदलतात. १५ म्हणजे एका सेकंदाचा पंधरावा भाग, २५० म्हणजे अडीचशेवा भाग. आकडा मोठा, तर वेळ कमी.

आता नांगरटीला ट्रॅक्टर येतो, म्हणून आमचा सर्जा बैल बाजारात विकायचा ठरला. आदल्या संध्याकाळी मी गोठ्यात त्याचा फोटो काढला. आकडा १५ होता. सर्जाने मान हलवली आणि फोटोत त्याला दोन तोंडं आली! मग २५० लावले, तर फोटो सगळा काळा. उजेडच पुरला नाही. मला रडू आलं.

आई म्हणाली, "उद्या उन्हात काढ की."

सकाळी वडिलांनी सर्जाला अंगणात आणले. मी उन्हाकडे पाठ केली, दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट धरली, आकडा २५० ठेवला. कानावरची माशीसुद्धा फोटोत आली!

सर्जा त्याच दिवशी गेला. त्याचा फोटो खाली चिकटवला आहे. जरूर बघा, पण हात लावू नका.