लाकडी फळांचे दरबारी चितारी

घाटनांदूर ज्या बालाघाटाच्या पठारावर वसले आहे, त्या मुलखातले सीताफळ डोळे उघडल्यावर फार दिवस धीर धरीत नाही. म्हणूनच फळाफुलांची ऐन बहराची घटका रंगात धरून ठेवण्याचा व्यासंग राजदरबारांनी का पोसला, हे इथल्या माणसाला समजावून द्यावे लागत नाही. जहांगीर बादशहाने १६२० साली काश्मिरातला वसंत पाहिला, तेव्हा उस्ताद मन्सूर याने तिथल्या शंभरावर फुलांची चित्रे काढल्याची नोंद त्याने आपल्या आत्मवृत्तात केली आहे, आणि ती रसिकांना ठाऊकही आहे. परंतु सावंतवाडी संस्थानाच्या भोसले राजांच्या आश्रयाने चितारी मंडळींनी जे साधले, त्याची दखल मात्र खेळण्यांच्या दुकानापलीकडे क्वचितच घेतली गेली.

या राजांपैकी तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, गंजिफांना, म्हणजे हाताने रंगविलेल्या खेळायच्या पत्त्यांना, तिथे राजाश्रय लाभला. दशावतारी गंजिफांच्या संचात १२० वाटोळी पाने असतात. कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, वर खडूचा लेप घोटून, चित्र रेखून शेवटी लाखेचा हात द्यायचा. एवढ्याशा वर्तुळात अवतारमूर्ती बसविण्यात मुरलेल्या या परंपरेने पाट, चौरंग, देव्हारे यांवर वेलबुट्टी फुलविली, आणि पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून तर प्रत्यक्ष फळेच घडविली.

या फळांचे मर्म मला असे दिसते की, सपाट पटावर परडी रंगविणाऱ्या चित्रकाराला छायाप्रकाशाने जी घनता निर्माण करावी लागते, ती चितारीला लाकूडच देते, आणि त्यामुळे त्याची सारी कसोटी रंगावर येऊन ठेपते. देठापाशी हिरवा असलेला आंबा पिवळा कुठे होतो आणि त्या पिवळ्यात केशरी कुठून शिरते, हे पाहणाऱ्याला सांगता येता कामा नये; तिथे सीमारेषा दिसली की फळ निर्जीव झाले. केळ्याच्या सालीवरचा काळसर डाग जो वगळतो, त्याचा हात सफाईदार असेल, पण त्याची नजर अजून तयार झालेली नाही, असे माझे मत आहे.

संस्थान विलीन झाले, मागणी आटली, आणि १९७० च्या सुमारास गंजिफांचे काम जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध हातच काय ते उरले. त्यांच्याकडून राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी स्वतः ती विद्या घेतली, इतरांना दिली, आणि राजवाड्यातले दरबार दालन कारागिरांना मोकळे करून दिले. सावंतवाडीस जाणाऱ्याने तिथे आंबा विकत घेण्यापूर्वी घटकाभर थांबून रंगाचे काम पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.