काचेच्या खिडकीतला खेळ

सुट्टीत मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. तिथे एका जुन्या यंत्रातली चिप हाती आली. तिच्या पाठीवर चिमुकली पारदर्शक खिडकी होती. मालककाका म्हणाले, “ही ईप्रॉम.” १९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी ती शोधली. मजकूर विद्युतभाराच्या रूपाने आत साठतो. खिडकीतून अतिनील किरण सोडले की पुसला जातो आणि नवा लिहिता येतो.

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या इतिहासात या चिपला मोठे स्थान आहे. जपानच्या एसएनके कंपनीने १९९० मध्ये ‘निओ जिओ’ यंत्र आणले. त्याच्या कार्ट्रिजमध्ये दोन सर्किट-पाट्या असत. विक्रीच्या प्रतीत मजकूर बहुधा कारखान्यातच चिपमध्ये कायमचा उमटवलेला असे. नमुन्याच्या प्रतीत मात्र वारंवार दुरुस्त्या कराव्या लागत. म्हणून तिथे ईप्रॉम बसवत आणि उजेड लागू नये म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावत.

डेटा ईस्ट कंपनीचा ‘घोस्टलॉप’ हा खेळ बाजारात आलाच नाही. ईप्रॉममधला भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो. कुणीतरी वेळीच त्या चिपांची प्रत उतरवून घेतली, म्हणून तो खेळ वाचला.

आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. आजीच्या ओव्या तिच्याबरोबरच गेल्या. आईच्या ओव्या मात्र मी आता वहीत उतरवून घेतो आहे.