बिबट्याचे ठिपके: मंगळावरचा एक खडक आणि जीवसृष्टीचा पुरावा

विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की मंगळावर जीव होते की नव्हते, याचं उत्तर आज मिळणार. तसं होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आज मी एकाच खडकाबद्दल बोलणार आहे, आणि तो इतका बोलका असूनही आम्ही "हो" म्हणायला का कचरतो, त्याबद्दल.

जेझेरो हे मंगळावरचं सुमारे ४५ किलोमीटर रुंदीचं विवर. साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या काळात तिथे तळं होतं, नदी त्यात गाळ आणून टाकत होती. 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हर तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरला. जुलै २०२४ मध्ये, त्या जुन्या नदीच्या कोरड्या पात्रात, त्याला साधारण मीटरभर लांबीचा एक खडक दिसला. त्याचं नाव ठेवलं चेयावा फॉल्स. तांबूस रंग, बारीक गाळाचा पोत, मधून गेलेल्या पांढऱ्या शिरा, आणि त्या तांबूस भागावर मिलिमीटरभर आकाराचे फिकट ठिपके. प्रत्येक ठिपक्याला काळपट किनार. बिबट्याच्या अंगावर असतात ना, अगदी तसे.

आता ठिपक्यांत एवढं काय? कोकणात भाताच्या खाचरात कोणी उतरलं असेल तर आठवून बघा. पाणी साचलेलं असतं. वरचा चिखल तांबूस, पण पाय आत गेला की खालून करडा-काळा चिखल वर येतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. खाली ऑक्सिजन पोचत नाही. मग तिथले सूक्ष्मजीव काय करतात? आपण ऑक्सिजन वापरतो तसं ते मातीतलं लोह आणि सल्फेट वापरतात. तांबूस रंग असतो गंजलेल्या लोहाचा. सूक्ष्मजीवांनी त्या लोहाला इलेक्ट्रॉन दिले की रंग उडतो. सल्फेटचं सल्फाइड होतं. काळा रंग आणि तो वास त्याचा. म्हणजे चिखलाचा रंग बदलला, तर त्यामागे कोणाचं तरी जेवण झालेलं असतं.

चेयावा फॉल्सवर नेमकं हेच दिसतं. रोव्हरच्या हातावरच्या एक्स-रे उपकरणाला ठिपक्यांच्या काळ्या किनारीत लोह आणि फॉस्फेट मिळालं. ते बहुधा व्हिव्हिअनाइट नावाचं खनिज. आतल्या भागात लोह आणि गंधक, म्हणजे बहुधा ग्रेगाइट. पृथ्वीवर व्हिव्हिअनाइट दलदलीत, तळ्याच्या गाळात, कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांभोवती तयार होतं. शेरलॉक नावाचं दुसरं उपकरण रामन परिणामावर चालतं, तोच रामन परिणाम जो १९२८ मध्ये कोलकात्यात सापडला. त्याला याच खडकात सेंद्रिय कार्बन दिसला. म्हणजे जेवण होतं, जेवणाची भांडी होती, खरकटंही होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये हे सगळं 'नेचर'मध्ये छापून आलं, आणि तिथे शब्द वापरला 'संभाव्य' जीवखूण.

हा 'संभाव्य' शब्द घाबरटपणाचा नाही. त्याच्यामागे एक जुना चटका आहे. १९८४ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फावर दोन किलोच्या आतबाहेरचा एक दगड सापडला, एएलएच ८४००१. तो मंगळावरून आलेला. ऑगस्ट १९९६ मध्ये नासाच्या एका गटाने जाहीर केलं की त्यात जुन्या जीवांच्या खुणा असू शकतात: कार्बोनेटचे गोळे, मॅग्नेटाइटचे सूक्ष्म स्फटिक, सेंद्रिय रेणू, अळीसारखे दिसणारे आकार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष त्यावर बोलायला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आले! आणि मग वर्षानुवर्षं एकेक पुरावा गळत गेला. कार्बोनेट जोरात तापलं तरी मॅग्नेटाइट तयार होतं. अळ्या पेशी मानायला फारच लहान. सेंद्रिय रेणू पाणी आणि खडकाच्या साध्या रासायनिक क्रियेतूनही बनू शकतात, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. चारही गोष्टी खऱ्याच होत्या, फक्त त्यांना जीव लागत नव्हता.

म्हणून २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी सात पायऱ्यांची एक शिडी सुचवली. खूण दिसणं ही पहिली पायरी. चौथी पायरी अशी, की तिथल्या परिस्थितीत जीवाशिवाय ही खूण तयार होऊ शकत नाही, हे दाखवायचं. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या करारावर काम करणारी आम्ही पोस्टडॉक मंडळी बरीचशी याच पायरीवर अडकलेली असतो. आमचं काम उलट्या बाजूच्या वकिलाचं. निर्जंतुक चिखल घ्यायचा, लोह, सल्फेट, सेंद्रिय पदार्थ घालायचे, आणि जीव नसताना ठिपके पडतात का ते बघत बसायचं. पडले, तर निम्म्या जगाची निराशा. नाही पडले, तर "अजून थोडे दिवस ठेवा" असं कोणीतरी म्हणतंच. बरोबरच म्हणतं, मंगळाकडे कोट्यवधी वर्षं होती, माझ्याकडे करार संपेपर्यंतची.

चेयावा फॉल्सच्या बाबतीत वाद कुठे आहे? लोहाचं काम सेंद्रिय पदार्थ थंडीतही जीवाशिवाय करू शकतात. सल्फेटचं सल्फाइड व्हायला मात्र जीव नसेल तर साधारण दीडशे अंश सेल्सिअस किंवा जास्त उष्णता लागते. आणि हा खडक तसा भाजल्याची चिन्हं दिसत नाहीत. माझ्या मते आजचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

पुढचं तपासायला खडक हातात हवा. सूक्ष्मजीव सल्फेट वापरताना हलकं गंधक आधी उचलतात, जड मागे ठेवतात. हा फरक फार बारीक असतो, आणि तो मोजणारं यंत्र पर्सिव्हिअरन्सवर नाही. खडकाचा नमुना घेऊन ठेवलाय, खडूच्या कांडीएवढा, 'सफायर कॅन्यन' नावाचा. पण तो आणणार कोण? २०२४ मध्ये नासानेच सांगितलं की ठरलेल्या मार्गाने खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने २०४० पर्यंत येतील, म्हणजे फार महाग आणि फार उशिरा. त्यानंतर ती मोहीम लोंबकळत राहिली. चीनची तिआनवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास निघायची आहे, पण ती स्वतःचे नमुने आणेल, हा नाही.

मघाशी कोणीतरी विचारलं, पृथ्वीवरचेच जंतू नळीत गेले नसतील कशावरून? रोव्हरबरोबर ४३ नळ्या पाठवल्या, त्यातल्या ५ खडकासाठी नाहीतच. त्या साक्षीदार नळ्या. नमुना घेतात त्याच परिसरात त्या उघडून बंद करतात, खडक न भरता. उद्या सफायर कॅन्यनमध्ये काही सापडलं, तर आधी या नळ्या उघडतील. तेच त्यांच्यातही निघालं, तर ते आपणच नेलेलं.