पानी, पाणी आणि न वळणारं मूल

साकोली-लाखांदूरकडच्या धानपट्ट्यातलं मूल शाळेत ‘पानी’ म्हणतं आणि लगेच त्याला ‘पाणी’ म्हणायला लावलं जातं. तिथल्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो. हा त्या बोलीचा नियम आहे, मुलाच्या जिभेचा दोष नव्हे. पण दोन वर्षांचं होऊनही एकही शब्द न बोलणाऱ्या मुलाबद्दल मात्र ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला’ असं म्हणत वर्ष निघून जातं. मूल भाषा कशी शिकतं याचा अभ्यास करणारे एरिक लेनेबर्ग यांचं काम समजून घेतलं, की आपली काळजी चुकीच्या जागी खर्च होते आहे हे पटतं.

लेनेबर्ग यांचा जन्म १९२१ मध्ये जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फचा. नाझी राजवटीमुळे ते ब्राझीलला आणि तिथून अमेरिकेला गेले. मूल मोठ्यांची नक्कल करत, शाबासकी मिळवत भाषा शिकतं, असं त्या काळी बहुतेक अभ्यासक मानत. लेनेबर्ग यांना ते पुरेसं वाटलं नाही. बसणं, उभं राहणं, चालणं जसं ठरावीक वयात येतं, तसंच बोलणंही येतं: पहिला शब्द वर्षाच्या आसपास, दोन शब्दांची जोडणी दोन वर्षांच्या सुमारास. आईवडील बहिरे आणि बाळ ऐकणारं, अशा घरांतही बाळाचे सुरुवातीचे हुंकार इतर बाळांसारखेच वेळेवर येतात, असं त्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाची त्यांनी १९६२ मध्ये मांडलेली एका मुलाची नोंद. त्याला जन्मापासून शब्द उच्चारताच येत नव्हते, तरी इंग्रजी पूर्ण समजत होतं. म्हणजे भाषेचं घर मेंदूत आहे, जीभ हा फक्त तिचा एक दरवाजा. १९६७ च्या त्यांच्या ग्रंथात हा सगळा विचार एकत्र आला.

भाषा जन्मजात असेल तर सगळी मुलं एकच भाषा का बोलत नाहीत, असं कुणी विचारेल. जन्मजात असते ती क्षमता; तिला माल पुरवतं घर. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ मधला फरक ओळखतं, पण वर्षाचं होईतो ती ओळख बरीच ओसरते. झाडीबोलीच्या घरातलं बाळही याच रीतीने आपल्या बोलीचा कान घडवतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जिच्या शब्दांसाठी आयुष्य वेचलं, ती ही बोली अपुरी भाषा नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला ‘ण’ शिकायला वेळही पुष्कळ असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाषा शिकण्याची खिडकी वयात येताना मिटते, हे लेनेबर्ग यांचं म्हणणं पुढे बदलावं लागलं. २०१८ मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या चाचणीवरून दुसऱ्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याची ताकद सतराव्या वर्षापर्यंत टिकते असं दिसलं. पण त्या सगळ्यांजवळ पहिली भाषा होतीच. ज्याच्या कानावर काहीच पडत नाही आणि ज्याला खुणांची भाषाही दिली जात नाही, त्याच्यासाठी पहिली काही वर्षंच निर्णायक ठरतात. खुणांची भाषा वापरणाऱ्या बहिऱ्या आईवडिलांचं बहिरं बाळ हातांनीच बोबडं बोलतं, हे १९९१ मध्ये नोंदलं गेलं. मेंदू वाट पाहत असतो, फक्त भाषा वेळेवर पोचायला हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे, त्याची पथकं अंगणवाडीतही येतात. त्याआधी घरी एवढं करता येतं: बाळ खेळात रमलं असताना त्याच्या पाठीमागून हाक मारून पाहायची, आणि ते पुन्हा पुन्हा वळलं नाही तर त्याच आठवड्यात कान तपासून घ्यायचे.